नदीतल्या बार्बलसाठी रॉड: कुठला घ्यायचा आणि कसा वापरायचा

इंग्लंडात येऊन फिशिंगचा नाद लागलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो की बार्बलसाठी रॉड कुठला घेऊ, आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं की मासा लई ताकदीचा आहे, तेव्हा रॉडही दणकट घ्या. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. रॉड किती ताकदीचा हवा हे मासा ठरवत नाही, नदी ठरवते. पाण्याची ओढ किती, तळाशी वजन टिकवायला किती शिसं लागतं, यावरून रॉड निवडायचा. आणि निवडलेला रॉड मधोमध छान वाकला पाहिजे, ही दुसरी अट. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी मासा समजून घ्या

बार्बल म्हणजे आपले रोहू, कटला, महाशीर ज्या घराण्यातले त्याच घराण्यातला मासा. लांबट गोल अंग, तोंड खालच्या बाजूला, तोंडाभोवती चार मिशा, आणि पुढचे पंख चांगले मोठे. तो वाहत्या पाण्यात तळाला चिकटून राहतो, वाळू-गोट्यांतून मिशांनी चाचपडत खातो. गळाला लागला की पाण्याबाहेर उड्याबिड्या मारत नाही, सरळ खाली डोकं घालून प्रवाहात पळतो, आणि जाळ्याजवळ आला, आता संपलं असं वाटलं की नेमकी तेव्हाच सगळ्यात जोरदार धडक मारतो. गळ सुटतो तो बहुतेक वेळा इथेच. ताठ रॉड असेल तर ती धडक थेट गळावर आणि गाठीवर जाते, वाकणारा असेल तर रॉड ती पिऊन टाकतो. म्हणजे स्कूटरचा शॉकअप जे करतो तेच काम.

पूर्वी हा मासा इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमध्येच होता, थेम्स, ट्रेंट, यॉर्कशायरच्या नद्या वगैरे. सेव्हर्नमध्ये तो 1956 साली केनेट नदीतून आणून सोडला, आणि आज सेव्हर्न म्हणजे बार्बलचं माहेरघर असल्यासारखं लोक बोलतात.

रॉडच्या आधी कागदपत्रं

हे पटकन सांगतो पण टाळू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, 13 ते 16 वयाच्या मुलांना ते फुकट आहे पण काढावं लागतंच. ऑनलाईन निघतं, एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिन्यांचं. विना लायसन्स सापडलात तर दंड 2,500 पौंडापर्यंत जाऊ शकतो. लायसन्स असलं म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही हं, ज्या काठावर बसणार तिथल्या क्लबचं किंवा मालकाचं परमिट किंवा डे तिकीट वेगळं घ्यायचं. आणि 15 मार्च ते 15 जून नदीवर बंदी असते, सीझन 16 जूनला उघडतो. मोठा बार्बल घरी न्यायला कायद्याने परवानगी नाही, तो परत सोडायचाच, आणि तसंही त्याची अंडी विषारी असतात. तेव्हा खाण्याचा विचार डोक्यातून काढूनच काठावर या.

टेस्ट कर्व्ह म्हणजे काय भानगड आहे

रॉडवर 1.5 एलबी (म्हणजे पौंड), 1.75 एलबी असं काहीतरी लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्या वजनाचा मासा धरता येईल, तसं बिलकुल नाही. रॉडची मूठ आडवी घट्ट धरून टिपला वजन लटकवलं आणि टिप मुठीशी काटकोनात खाली आली, तर ते वजन म्हणजे टेस्ट कर्व्ह. 1.75 एलबी म्हणजे साधारण 790 ग्रॅम. एवढ्याशा आकड्याच्या रॉडवर 10-12 पौंडाचा बार्बल आरामात येतो, कारण पाण्यात मासा तरंगत असतो, तुम्ही त्याला उचलत नसता.

या आकड्यावरून दोन अंदाज काढता येतात आणि दोन्ही फार उपयोगाचे आहेत. एक म्हणजे लाईन. टेस्ट कर्व्हला पाचने गुणा, म्हणजे 1.75 ला पावणेनऊ, तेव्हा 8 ते 10 एलबीची लाईन या रॉडला शोभते. दुसरा म्हणजे फेकायचं वजन. जितके एलबी टेस्ट कर्व्ह साधारण तितके औंस वजन आरामात फेकता येतं, म्हणजे 1.75 च्या रॉडला पावणेदोन औंस, 50 ग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा थोडं जास्त चालतं, पण दुप्पट लावून जोरात कास्ट मारलात तर रॉडचा जीव जातो. आणि फीडरच्या, म्हणजे खाद्य भरून टाकायच्या छोट्या जाळीदार डबीच्या, बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, फीडरवर लिहिलेलं वजन रिकाम्याचं असतं, त्यात ओलं खाद्य दाबून भरलं की ते कधीकधी दुप्पटही भरतं, तर एकदा घरी काट्यावर ठेवून बघा.

कुठल्या नदीला कुठला

लहान नद्या, जसं की केनेट, लॉडन, टीम, डॉर्सेटची स्टोअर, इथे पाणी फार रुंद नसतं, झाडं डोक्यावर येतात, लांब फेकायचं काही कामच नसतं. इथे 11 फुटी, 1.25 ते 1.5 एलबीचा रॉड मजा आणतो. 12 फुटी पण चालेल पण फांद्यांत टिप अडकून वैताग येतो.

मधल्या आकाराच्या नद्या, म्हणजे बूडली-ब्रिजनॉर्थच्या भागातली सेव्हर्न किंवा हेरफर्डच्या आसपासची वाय, इथे 12 फुटी 1.75 एलबी. पहिला आणि एकच रॉड घेणार असाल तर हाच घ्या, मी कुणालाही हेच सांगतो. याने लहान नदीवर थोडं जड वाटेल, मोठ्या नदीवर थोडं कमी पडेल, पण दोन्हीकडे काम भागेल.

आणि मग ट्रेंट. नॉटिंगहॅमच्या आसपासची ट्रेंट एरवी 1.75 वर निभावते, पण पावसानंतर पाणी चढलं किंवा क्रॉमवेलच्या बंधाऱ्याखाली जिथे भरती-ओहोटीचं पाणी येतं तिथे गेलात, तर वजन तळाशी टिकवायलाच 4-5 औंस लागतात. तिथे 2 एलबीच्या पुढचा रॉड लागतो, आणि एवढं वजन जोरात न फेकता हळूच टाकायचं. बघा, मासा तोच आहे, केनेटवरचाच, पण रॉड बदलला, कारण पाणी बदललं.

कार्पचे 3 एलबीवाले रॉड स्वस्तात मिळतात आणि घरात पडलेले असतात म्हणून लोक ते नदीवर आणतात. ते तळ्यात लांब अंतरावर जड वजन फेकायला बनवलेले असतात. जवळच्या अंतरावर बार्बलने धडक मारली की ते नुसते टिपला वाकतात, खालचा भाग काठीसारखा ताठच, आणि गळ फाटून निघतो.

दुकानात रॉड कसा बघायचा

दुकानात सगळे जण रॉड हातात घेऊन हवेत हलवून बघतात. त्याने फक्त टिप किती लवचिक आहे एवढंच कळतं. खरी परीक्षा वाकवून होते. दुकानदाराला विचारून रॉड जोडा, रील बसवा, लाईन सगळ्या रिंगांमधून काढा आणि दुकानदाराला टोक धरायला सांगा, मग तुम्ही हळूहळू मूठ वर उचला. आता रॉडकडे नीट बघा. सुरुवातीला टिप वाकेल, मग मधला भाग, आणि जोर वाढवला की वाक मुठीच्या जवळपर्यंत उतरला पाहिजे. याला इथले लोक ॲव्हॉन ॲक्शन म्हणतात, आपल्याला हवी ती हीच. एका जागी कोपरा झाल्यासारखा दिसला, विशेषतः जॉइंटच्या पाशी, तर तो रॉड ठेवून द्या.

तसंच वाकलेला असतानाच लाईन कुठे रॉडच्या अंगाला घासतेय का बघा. रिंगा कमी असल्या की दोन रिंगांच्या मधे लाईन कार्बनला टेकते, माशाशी झुंज चालू असताना तिथे घासून घासून कमजोर होते.

मग मूठ. रॉड हातात धरून रील जिथे बसतं तिथे पंजा ठेवा, मुठीचं मागचं टोक कोपराच्या थोडंसं पुढे गेलेलं चांगलं. फार लांब मूठ असली की अंगातल्या जॅकेटमध्ये अडकत राहते, फार आखूड असली की मोठा मासा धरताना मनगटावर सगळा भार येतो आणि दहा मिनिटांत हात भरून येतो.

ट्विन टिप नावाचा प्रकार मिळतो, एका मुठीला दोन वरचे तुकडे, एक साधा ॲव्हॉनचा आणि एक क्विव्हर टिप, म्हणजे घास दाखवणारं बारीक लवचिक टोक, लावता येईल असा. नवख्या माणसासाठी हा पैसे वसूल प्रकार आहे, फक्त दोन्ही तुकडे लावून वाकवून बघा, कारण काही रॉडमध्ये एकच चांगला असतो. सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, पण प्रत्येक रिंगच्या आतून कापसाची काडी फिरवून बघा. रिंगचं आतलं अस्तर तडकलेलं असेल तर कापसाचे धागे तिथे अडकतात, डोळ्यांना ती तड दिसत नाही आणि लाईन मात्र त्याने कापली जाते.

रील आणि बाकीचं, थोडक्यात

4000 साईझचं रील, शक्यतो फ्रीस्पूलवालं, म्हणजे खटका मागे ओढला की मासा लाईन मोकळी घेऊन जाऊ शकतो. त्यावर 10 एलबीची साधी मोनो (एकेरी नायलॉनची लाईन), दगडगोटे जास्त असतील तर 12. वेणीची लाईन ताणत नाही, धक्का जसाच्या तसा पुढे जातो, आणि काही क्लबांत तिला बंदी आहे, तर सुरुवातीला नकोच. हुकलेंथ, म्हणजे गळ बांधलेला शेवटचा आखूड तुकडा, मेन लाईनपेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवा. गळ 8 ते 12 नंबर, हेअरवर, म्हणजे गळाच्या मागे सोडलेल्या बारीक दोऱ्यावर, पेलेट (माशांच्या खाद्याची गोळी) किंवा लंचन मीटचा (डब्यातल्या मांसाचा) तुकडा. आणि शिसं असं बांधा की मेन लाईन तुटली तर माशाच्या मागे शिसं फरफटत राहणार नाही, ते लाईनवरून सुटून गेलं पाहिजे. याबाबतीत कुठलीही सूट नाही.

जोडणी

काठावर आलात की आधी वर बघा. कार्बनमधून वीज वाहते, ओव्हरहेड तारांपासून निदान 30 मीटर लांब बसायचं, आणि ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून लांब व्हायचं.

जोडताना वरचा तुकडा थोडा तिरका बसवायचा, म्हणजे रिंगा खालच्या रिंगांच्या रेषेत नसतील असा, आणि मग हलकं दाबत दाबत फिरवून रेषेत आणायचा. असं केलं की सांधा घट्ट बसतो, कास्ट करताना वरचा तुकडा उडून नदीत जात नाही. मुठीकडून एक डोळा मिटून बघा, सगळ्या रिंगा एका ओळीत दिसल्या पाहिजेत. लाईन ओवताना टोक ओवत बसू नका, लाईन दुमडून तिचा फासा ओवा, हातातून सुटली तरी तो फासा रिंगेत अडकून राहतो आणि सगळी लाईन सरसर खाली येत नाही.

रॉड लावायचा कसा

बार्बलसाठी सहसा प्रवाहाच्या खालच्या बाजूला किंवा थोडं तिरकं टाकतात. कास्ट झाल्यावर शिसं तळाला टेकेपर्यंत लाईन ताणलेली ठेवा, टेकल्याचा ठक्क असा हलका धक्का टिपवर कळतो, मऊ वाटलं तर चिखल किंवा शेवाळ, टणक वाटलं तर गोटे. आपल्याला गोटे हवेत.

आता टिप वर की खाली? ओढ जोरात असेल, पानंबिनं वाहत येत असतील तर टिप उंच ठेवा, लाईन जितकी कमी पाण्यात तितका तिच्यावर कचरा कमी साठतो आणि शिसं जागेवर राहतं. पाणी शांत, उथळ आणि स्वच्छ असेल तर टिप खाली, कारण तिरकी लाईन माशाच्या अंगाला घासली की तो बिथरतो. लाईन अगदी तारेसारखी ताणू नका, प्रवाहात तिला थोडा बाक राहू द्या.

रॉड स्टँडवर ठेवला असेल तर फ्रीस्पूल चालू ठेवा किंवा क्लच (रीलवरून लाईन किती जोराने सुटेल ते ठरवणारी चकती) सैल करा. बार्बलचा घास कसा असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही, आधी एक-दोनदा टिप थरथरते, आणि मग काही कळायच्या आत अख्खा रॉड वाकून नदीच्या दिशेने जातो. घट्ट क्लचवर सोडलेले रॉड स्टँडसकट पाण्यात गेलेत लोकांचे. म्हणून रॉडपासून हातभर अंतरावरच बसायचं, गप्पा मारायला शेजाऱ्याकडे जायचं असेल तर आधी लाईन बाहेर काढायची.

पण शिकायचं असेल तर माझं ऐका, निदान संध्याकाळचा एक तास रॉड हातात धरून बसा. रील आणि पहिली रिंग यांच्या मधली लाईन तर्जनीवर घ्या, टिप साधारण शिशाच्या दिशेने रोखा, आणि बोटावर लाईनचं अगदी हलकं वजन राहील इतपतच ताण ठेवा. सुरुवातीला काहीच कळणार नाही, मग हळूहळू पाणी बोलायला लागतं. पान किंवा शेवाळ येऊन अडकलं की वजन सावकाश वाढत जातं. बारके मासे टिकटिक टिकटिक करतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. चब (नदीतलाच दुसरा एक मासा) असेल तर एकच झटका, तोही तोडून घेतल्यासारखा. आणि बार्बल आमिषाभोवती आला की कधीकधी बोटावर बारीक कर्रकर्र जाणवते, वाळूवर काहीतरी घासल्यासारखी, त्यानंतर जी ओढ येते ती थांबत नाही. त्या वेळी हिसका मारायची गरजच नसते, रॉड नुसता उचलायचा, गळ आधीच लागलेला असतो.

मासा लागल्यावर

पहिल्या धावेला जाऊ द्या. क्लच असा लावलेला असावा की रॉड पूर्ण वाकल्यावर, लाईन तुटायच्या बऱ्याच आधी, तो लाईन सोडायला लागेल. घरीच लाईनचं टोक दाराच्या कडीला बांधून रॉड वाकवून हे सेट करून बघा, काठावर अंधारात ते जमत नाही.

रॉड साधारण 45 ते 60 अंशांत ठेवायचा. घाबरून रॉड सरळ उभा करून मागे नेला की सगळा भार वरच्या बारक्या तुकड्यावर येतो आणि रॉड मोडतात ते असेच. रॉडचा जोर खालच्या भागात असतो, तो वापरायचा तर कोन कमी ठेवायला लागतो. मासा मुळांकडे किंवा बुडलेल्या फांद्यांकडे निघाला तर रॉड आडवा करा, पाण्याला जवळजवळ समांतर, आणि तो जातोय त्याच्या उलट बाजूला ओढा. बाजूने ओढलं की त्याचं डोकं वळतं आणि डोकं वळलं की अंग मागे येतंच.

मासा खाली प्रवाहात लांब गेला असेल तर त्याला वर ओढत बसू नका, जमत असेल तर काठाने चालत त्याच्या बरोबरीला जा. प्रवाहाविरुद्ध ओढताना माशाचं वजन आणि नदीचं वजन दोन्ही तुमच्या लाईनवर असतं. तसंच झुंज उगाच लांबवू नका. बार्बल दमेपर्यंत लढतो, अगदी जीव जाईस्तोवर, आणि म्हणूनच फार हलका रॉडही माशावर अन्याय आहे. मजा येते म्हणून ट्राउटचा किंवा छोट्या माशांचा रॉड वापरणं मला मान्य नाही.

मासा जवळ आला की क्लच अर्धा फेरा सैल करा, ती शेवटची धडक आठवतेय ना. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवा आणि मासा जाळ्यावर आणा, जाळं घेऊन माशाच्या मागे धावू नका.

गळ दगडात किंवा लाकडात अडकला तर मात्र रॉड वाकवून ओढायचं नाही. टिप थेट अडकलेल्या जागेकडे रोखा, लाईन बाहीच्या कापडावर दोन वेढे घेऊन सरळ मागे चालत जा. नुसत्या बोटाला गुंडाळू नका, कापतं.

सोडताना

जाळं पाण्यातच ठेवून माशाला मिनिट-दोन मिनिटं दम खाऊ द्या, मग ओल्या मॅटवर घेऊन ओल्या हातांनी गळ काढा. पाठीवरच्या पंखाचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो जाळ्यात अडकतो, ओढाताण करू नका, आणि याच कारणासाठी बार्बल कीपनेटमध्ये (धरलेले मासे पाण्यात ठेवायच्या लांब जाळ्यात) ठेवू नये. मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सरळ धरा आणि तो स्वतः हात झटकून जाईपर्यंत धरून ठेवा. दहा मिनिटं लागली तरी थांबा, लवकर सोडलेला मासा उलटा होऊन वाहत जातो. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून पाणी 20-21 डिग्रीच्या वर गेलं की मी बार्बलसाठी बसतच नाही, खिशात छोटा थर्मामीटर ठेवा.

घरी आल्यावर

रॉड उघडताना पिळू नका, सरळ ओढा. सांधा अडकला असेल तर खाली वाकून रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात, हात गुडघ्यांच्या बाहेरून, आणि हात न हलवता गुडघे बाहेर दाबा, सरळ रेषेत जोर लागतो आणि सुटतो. आत शिरणारा सांधा असेल तर त्याला अधूनमधून मेणबत्तीचं मेण चोळा. ओला रॉड पिशवीत भरून कोपऱ्यात ठेवला की कॉर्कला बुरशी येते आणि रिंगांचे पाय गंजतात, तेव्हा कितीही दमला असाल तरी कापडाने पुसून, पिशवीबाहेर रात्रभर उभा ठेवून मगच आत टाका.